बांधावरचं औषध : लावणीपासून रातांब्यापर्यंत

माझ्या आजेसासूबाईंचं औषधाचं माप वळशांत असायचं. सहाणेवर चार थेंब पाणी घ्यायचं, त्यावर मुरुडशेंग धरायची आणि मोजून फिरवायची. मोठ्या माणसाला पोटात मुरडा मारत असेल तर दहा वळसे, शाळेत जाणाऱ्या पोराला चार. मोजणी चुकली की त्या सहाण धुऊन पहिल्यापासून सुरू करायच्या. १९८५ साली लग्न होऊन मी राजापूर तालुक्यातल्या या वाडीत आले तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटायचा. पुढे २९ वर्षं अंगणवाडी चालवली, सरकारी औषधांच्या बाटल्यांवरची मापं पोरांच्या आयांना समजावून सांगितली, तेव्हा आजींचा हट्ट कळला. परड्यातला पाला असला म्हणून काय झालं, पोटात गेला की तो औषधच असतो.

गणपतीला मुंबईहून येणारी आमची पोरं बांधावर उभी राहून विचारतात, "काकी, हे कशावर चालतं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वर्ष फिरतं त्या क्रमाने सांगते, कारण झाडंही त्याच क्रमाने भेटतात.

तोडण्याआधी

"आधी झाड वळख, मग पान खुड," असं आजी म्हणायच्या. एखादं झाड निदान एकदा फुलावर आणि एकदा शेंगेवर पाहिल्याशिवाय ते ओळखलं असं म्हणू नका. मोबाइलमधल्या फोटोवर तर मुळीच विसंबू नका. वाडीतल्या जाणत्या बाईला सोबत न्या, तिच्या हातून एक डहाळी घ्या, वास घ्या, पान चुरडून बघा.

दुसरं म्हणजे जागा. आजींच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आता बेणणीला माणूस मिळत नाही म्हणून पुष्कळ जण बांधावर तणनाशक मारतात. औषध मारलेलं गवत आधी पिवळं पडतं, मग तांबूस होऊन वाळतं. तशा बांधाचा पाला औषधाला नाही आणि भाजीलाही नाही. आंब्याला मोहोर आल्यापासून कलमांवर तुडतुड्याच्या फवारण्या चालू असतात, तेव्हा कलमांच्या बागेतलं खालचं काहीही तोडू नका. हमरस्त्याच्या कडेचंही नको. आपल्या परड्यात, आपल्याला ठाऊक असलेल्या जागेवर दोन-चार झाडं राखून ठेवावीत. मी विहिरीच्या मागे एक कोपरा असा राखला आहे, तिथे कोणालाही कोयता लावू देत नाही.

लावणीतले पाय

आषाढात तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून लावणी सुरू झाली की आठ-आठ तास पाय चिखलात. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फुगते, मग चिरते. त्या चिखल्या. रात्री अशी आग होते की गोधडीचा स्पर्शही सोसत नाही.

चिखल्यांवर पहिला उपाय कोरडेपणाचा आहे आणि तोच लोक टाळतात. शेतातून आलं की पाय साबणाने धुवा, जुन्या सुती साडीच्या फडक्याने एकेक बेचकं टिपून घ्या आणि चुलीच्या उबेला, हातभर लांब, पाय घेऊन बसा. पूर्ण सुकल्यावर मेंदी लावायची. वईवरच्या, म्हणजे कुंपणावरच्या, मेंदीचा ओला पाला मूठभर घेऊन पाट्यावर अगदी थोड्या पाण्यात गंधासारखा वाटा, बेचक्यांत भरा, वर फडकं गुंडाळा आणि झोपा. सकाळी धुऊन टाका. लावणी सुरू व्हायच्या आदल्या रात्री एकदा आणि मग एक दिवसाआड लावली तर कातडी घट्ट राहते. विकतच्या, काळाकुट्ट रंग देणाऱ्या मेंदीच्या पुड्या यासाठी घेऊ नका. त्यांत रंगाची रसायनं असतात आणि चिरलेल्या कातडीवर ती पोळतात.

टाचांच्या भेगांना मुठेल. म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांचं तेल; दक्षिणेकडे सावंतवाडी-मालवणात त्याला भिरंडेल म्हणतात. ते करायचं कसं ते शेवटी सांगते, कारण ते काम मे महिन्याचं. लावताना मुठेलाचा तुकडा पळीत घेऊन निखाऱ्यावर धरायचा, वितळला की कोमट होऊ द्यायचा आणि धुऊन कोरड्या केलेल्या भेगेत बोटाने भरायचा. मधुमेह असलेल्या माणसाने मात्र पायाला ना चुलीची ऊब द्यावी ना ऊन तेल लावावं. त्याला चटका कळत नाही आणि जखम चिघळते. त्याने पाय डॉक्टरांनाच दाखवावेत.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या मनावरून अजून गेलेली नाही. एका लावणीत माझ्या धाकट्या दिरांना ताप आला. दोन्ही पायांना चिखल्या होत्याच. अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हात लावू देईनात, डोळे लाल झाले. भिजल्याचा ताप असेल म्हणून मी तीन दिवस गुळवेल आणि पातीचहाचा (गवती चहाचा) काढा देत राहिले. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा गाडी केली. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघाला. नऊ दिवस ते रुग्णालयात होते. बरे होऊन आले, पण ते तीन दिवस मी घालवले होते. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू खाचरातल्या पाण्यात येतात आणि चिरलेल्या कातडीतून अंगात शिरतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तरीही घरातल्या माणसाच्या वेळी मी काढा उकळत बसले. म्हणून कळकळीने सांगते : पावसाळ्यात ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आरोग्यसेविका लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या गोळ्या देते, त्या तिने सांगितल्याप्रमाणे घ्या. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून गोचिडीतून येणारा माकडताप आहे, तो वेगळाच. तापावर माझ्या कोपऱ्यात औषध नाही.

कापलं तर दगडीपाला

याला कुणी एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी. एका लांब, उघड्या देठावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला पाच-सहा फिक्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. पान लवदार, कडा करवतीसारख्या. हे झाड मूळचं अमेरिकेकडचं, पण आता सड्यावरच्या कातळाच्या फटीतही उगवतं.

कोयत्याची ओरखड किंवा काट्याची खरवड असेल तर आधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. रक्त खरं तर दाबण्यानेच थांबतं. मग दहा-बारा पानं धुऊन, धुतलेल्या तळहातावर चुरडून दोन-तीन थेंब रस जखमेवर पाडा. चोथा बांधून ठेवू नका, त्यात माती आणि किडे राहतात. जखम खोल असेल, तिचे ओठ उघडे दिसत असतील किंवा गंजलेल्या आकडीने लागलं असेल तर पाला राहू दे बाजूला, टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी घ्या. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात आणि आपण तर दिवसभर त्यातच वावरतो.

रानमोडीचा रसही लोक असाच लावतात. मी लावत नाही. घरात दगडीपाल्यावर भागतं.

श्रावणातलं पोट आणि टाकळा

पऱ्याचं, म्हणजे ओहोळाचं, पाणी विहिरीत उतरलं की वाडीत हगवण लागते. पहिलं काम मीठ-साखरेचं पाणी : उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. किंवा मीठ घातलेली पातळ भाताची पेज, थोडी थोडी, दर वेळी. ते चालू ठेवून मगच मुरुडशेंगेचा विचार. मुरुडशेंग म्हणजे केवणीची, दोरासारखी पिळलेली शेंग. त्याच केवणीच्या सालीचे दोर पूर्वी भारे बांधायला असत. उगाळलेली मुरुडशेंग मुरड्यावर देतात, जुलाब थांबवायला नाही. पांढऱ्या कुड्याची साल जुलाबावर जुनी आणि नावाजलेली आहे, पण साल काढताना झाड जखमी होतं आणि कडू अर्काचं माप घरी जमत नाही. ती वैद्यांकडून कुटजारिष्ट म्हणून घ्यावी. शौचात रक्त पडलं, डोळे खोल गेले किंवा पोर मलूल झालं तर दवाखाना.

बाळगुटीबद्दल मला नेहमी विचारतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आजींनी माझ्या मुलांना गुटी उगाळून दिली, मी माझ्या नातीला दिली नाही. सहाण ओली राहते, तिच्यावर काय बसतं ते दिसत नाही, आणि तान्ह्या पोटाला ते सोसत नाही. सुनेच्या आईला याचं वाईट वाटलं होतं. मी त्यांच्याशी शांतपणे बोलले.

टाकळा पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत वीतभर होतो. कोवळी पानं खुडून, लसूण, मिरची, चिमूटभर हरभऱ्याची डाळ आणि वरून ओलं खोबरं घालून त्याची भाजी करतात. ओळख अशी : एका देठावर गोलसर पानांच्या तीन जोड्या, आणि तिन्हीसांजेला पानं मिटतात. त्याच्याच सोबतीने कासविंदा उगवतो. त्याच्या जोड्या चार-पाच, पानं टोकदार आणि चुरडलं तर घाण वास. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावली आहेत. पोरांना हा फरक झाडाशी नेऊन दाखवा.

टाकळ्याच्या बियांचा उपयोग नायटा-गजकर्णाला. दसऱ्यानंतर चवळीसारख्या बारीक, वाकड्या शेंगा तपकिरी झाल्या की काढून सुकवाव्यात. चमचाभर बिया आंबट ताकात रात्रभर भिजवायच्या, सकाळी बारीक वाटायच्या, डागावर आणि डागाभोवती बोटभर लावून वीस मिनिटांनी धुऊन टाकायच्या. लिंबात वाटू नका. मी एकदा लिंबात वाटून मांडीवर रात्रभर ठेवलं होतं, कातडी सोलून निघाली आणि डाग महिनाभर राहिला. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मधल्या काळात दुकानातून विचारून आणलेलं झटपट खाज थांबवणारं मलम लावू नका. त्यातलं स्टेरॉइड खाज दाबतं आणि गजकर्ण आतून पसरत राहतं. आमच्या वाडीतली निम्मी जुनाट गजकर्णं या मलमांनी झालेली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

भादव्यातला माका

गणपतीच्या पत्रीत माका असतो, आघाडाही असतो. त्यामुळे निदान त्या दिवसांत पोरांना या दोघांची नावं तरी कळतात. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासतात, तेवढं मीही करते.

माक्याचं तेल मात्र मी दरवर्षी करते. भाताच्या ओल्या बांधावर माका पसरलेला असतो, फूल पांढरं आणि शर्टाच्या बटणाएवढं. देठ मोडून बोटावर चोळा, घटकाभरात बोट काळं होतं. काळं झालं नाही तर तो माका नव्हे. पिवळ्या फुलाचं जे शोभेचं झाड कुंपणाला लावतात तेही माका नव्हे.

मुळासकट उपटलेला माका तीन पाण्यांतून धुवा, पानं-देठ वाटून फडक्यातून पिळा. दोन वाट्या रसाला एक वाटी खोबरेल, शक्यतो घरच्या खोबऱ्याचं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा आणि सोडून जाऊ नका. आधी हिरवा फेस येतो, मग तळाला चिखलासारखा गाळ बसतो. तो गाळ बोटांत धरून त्याची वात वळता आली की तेल झालं. तरी आणखी एक पारख आहे : कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. चटचट आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, पुन्हा आचेवर. शांत जळली की उतरवा. पाणी राहिलेलं तेल महिन्यात खवट होतं. गार झाल्यावर गाळून काचेच्या बाटलीत भरा, वर तारीख लिहा. याने डोकं शांत राहतं, केस मऊ होतात. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतात असं मी कुणाला सांगत नाही.

कापणी

कापणीला भाताच्या पेंढ्या उचलताना खाली फुरसं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं किती, ते शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. वीतभर साप, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. या दंशावर पाला नाही, मुळी नाही, मंत्र नाही, चिरणं-चोखणं नाही, आवळून बांधणंही नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून जिथे प्रतिविष आहे तिथे पोचायचं. विंचवाचंही तेच. आपल्याकडचा लाल विंचू हृदयावर जातो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विंचवावर अनेक वर्षं काम केलं, १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं, आणि पुढे प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी वापरून माणसं वाचवली. आपल्याच कोकणात हे झालं असताना कुणी विंचवावर आघाड्याचं मूळ उगाळत बसू नये. घाम फुटला, हातपाय गार पडले तर तो जीवावरचा दंश समजा.

कावीळही याच यादीत. भुईआवळ्याचा रस देणारे गावोगाव आहेत. आधी रक्ततपासणी, मग बाकी सगळं. आणि गुळवेल रोज सकाळी ग्लासभर पिणं बंद करा. कोरोनाच्या वर्षात मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

थंडीतला खोकला

अडुळशाची पानं पिवळट व्हायला आली की घ्यायची. पाच-सहा पानं धुऊन, केळीच्या पानात गुंडाळून भात शिजताना वर ठेवायची. वाफेने मऊ झाली की पिळायची. कच्च्या पानातून रस निघत नाही, हे आधीच सांगते. एक लहान चमचा रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा, तीन दिवस. कफ सुटतो. खोकल्याच्या गोळ्या-औषधांत जे ब्रोमहेक्झिन असतं ते अडुळशातल्याच एका द्रव्यावरून तयार केलेलं आहे. गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासायलाच हवी.

गुडघे धरले असतील तर निगडी, म्हणजे निर्गुडी. पानं तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधून शेकायचं. पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून बघायची. अंगावर पित्त उठलं तर दोन आमसुलं अर्धी वाटी पाण्यात कोळून ते पाणी लावायचं. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर पाणी लावत बसू नका, थेट दवाखाना.

मे महिन्यातलं मुठेल

रातांबे फोडून साली आमसुलांना गेल्या की बिया राहतात. त्यांचा गर राखेत चोळून धुवायचा आणि खळ्यात चार-पाच कडक उन्हं द्यायची. कानाशी हलवली की आत गर वाजला पाहिजे. मग वायनात (उखळात) हलक्या हाताने कांडून टरफल पाखडायचं, आतला गर पुन्हा बारीक कांडायचा. तो ओलसर होऊन मुसळाला चिकटायला लागतो, तेवढा. मोठ्या टोपात गराच्या चौपट पाणी उकळवून त्यात हा कूट सोडायचा आणि तासभर मंद उकळू द्यायचा, अधूनमधून ढवळत. वर पिवळसर तेलाचा थर येतो. टोप उतरवून रात्रभर झाकून ठेवायचा.

सकाळी थर पांढुरका होऊन थिजलेला असतो. तो उलथण्याने उचलायचा, खालचं पाणी टाकायचं आणि थर एकदा पुन्हा वितळवून पातळ फडक्यातून गाळायचा. निम्मा थिजला की हाताला खोबरेल लावून मुठीत घट्ट दाबायचा. बोटांचे ठसे त्याच्यावर तसेच राहतात. किलोभर बियांतून पाव किलोही निघत नाही, पण घरातल्या सगळ्यांच्या टाचांना एवढं पुरतं. गोळे केळीच्या सुक्या पानात गुंडाळून डब्यात घालायचे आणि डबा माळ्यावर, चुलीपासून लांब. मृग लागायच्या आत तो खाली काढून पडवीत ठेवते, मेंदीची वई तेव्हाच छाटते.